चोरचोळी आणि चार कर्णे

मिरजगावात कुणाच्या घरात गुपित टिकेल यावर पैज लावायची झाली, तर कल्याणच्या घरावर कुणी फुटकी कवडीसुद्धा लावणार नाही. माणूस वाईट नाही हो, धंदाच तसला. लग्न असो, सप्ताह असो, निवडणूक असो नाहीतर कुणाची शेळी हरवलेली असो, गावाला मोठ्याने सांगायचं असलं की लोक कल्याणकडे येतात. मंडप त्याचा, मशीन त्याचं, कर्णे त्याचे. अशा घरात बारीक आवाजात बोलायची सवय लागणार तरी कुणाला? त्याची थोरली, तेरा वर्षांची निकिता, वर्गात मैत्रिणीच्या कानात काही सांगायला गेली तरी बाई फळ्यापासून वळून म्हणतात, निकिता, आम्हालाही ऐकू आलं बरं का.

आणि नेमकं याच घरात यंदा मारुतीच्या सप्ताहाच्या तोंडावर गुपित येऊन बसलं.

ते कळलं टेम्पोच्या केबिनमध्ये. कर्जतच्या दवाखान्यातून सगळे परत येत होते. कल्याण चालवतोय, शेजारी त्याची बायको राजेश्वरी, तिच्या मांडीवर सात वर्षांची सृष्टी, आणि खिडकीशी निकिता. मम्मीला चक्कर येते म्हणून दवाखाना, एवढंच पोरींना ठाऊक.

"पोरींनो," कल्याण घसा साफ करत म्हणाला, "ह्या केबिनात किती मानसं बसत्यात?"

"चार," निकिता म्हणाली.

"पाच बसतील का?"

"आज्जी असली की बसतोच की आपन."

"आनि आज्जी धरून सहा?"

"पप्पा, सवारी घ्यायचीय का वाटंत?"

राजेश्वरी इतका वेळ पदर तोंडावर दाबून बसली होती. "आवो, माईक टेस्टिंग लई झालं," ती म्हणाली, "आता बोला की." पण कल्याणच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. उभ्या तालुक्यात भोंगे वाजवलेला माणूस, नव्या नवरीसारखा लाजून रस्त्याकडे बघत बसला. शेवटी तिनंच सांगून टाकलं. "तुमाला भाऊ न्हाईतर भन येनार हाय. माझ्या पोटात हाय ते."

सृष्टी मांडीवरून अशी उडाली की डोकं टपाला आपटलं. "मंग मी त्याच्यावर बसलेय का?"

झालं. निकिताला हसू आलं ते थांबेना. तिचं बघून राजेश्वरीला, राजेश्वरीचं बघून कल्याणला. टेम्पो रस्त्याच्या कडेला घ्यावा लागला. निकिताला उचकी लागली, सृष्टी एका हाताने डोकं चोळत दुसऱ्या हाताने मम्मीचं पोट चोळत होती, आणि शेजारून गेलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने वेग कमी करून, काही झालं का म्हणून विचारलं. कल्याण म्हणाला, "न्हाई, अजून व्हायचंय," तसे पुन्हा सगळे हसत सुटले.

घरी कल्याणची आई बायडाबाई लसूण सोलत बसली होती. तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, "मला कवाचंच ठाव हाय. आपल्याच लिंबाच्या बागंतून सून नाक दाबून चालती म्हंजे काय तिला सर्दी झालीय व्हय?" मग तिने सगळ्यांना समोर बसवून हुकूम सोडला. तिसरा महिना चालू आहे. पाचवा लागेपर्यंत गावात कुणाला कळता कामा नये, नजर लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची. "आनि ह्या घरात एकाच्या बी तोंडात तीळ भिजत न्हाई, म्हनून आधीच सांगती."

कामंही तिनंच वाटली. हंडे आणि मम्मीच्या गोळ्या निकिताकडे. जड उचलायचं ते कल्याणकडे. "आनि मला?" सृष्टी म्हणाली. तिला काय द्यावं हे म्हातारीला सुचेना. "तू बाळ धरायची सवय कर. मान सांभाळून धरायचं असतं."

पोरगी कामाला लागली. आधी दुधी भोपळा झाला, पण त्याला मान कुठे असते. मग तांब्या झाला, तो थंड लागला. मग मांजर झाली, तिने हाताला चार ओरखडे काढून नोकरी सोडली. शेवटी सृष्टीला हवं तसं बाळ मिळालं. पप्पांचा कॉर्डलेस माईक. गोल डोकं, बारीक मान, खाली लांबट अंग. जुन्या दुपट्यात गुंडाळला की तोंड तेवढं बाहेर. शिवाय खालचं बटण दाबलं की छोटा लाल दिवा लागायचा. दिवा लागला म्हणजे बाळ जागं, विझला म्हणजे झोपलं. कल्याणने दोनदा काढून घेतला, रागावून बघितलं. तो पाठमोरा झाला की बाळ पुन्हा दुपट्यात.

निकिताचं काय? निकिता हवेत होती. मम्मी उठायच्या आत तिची चूल पेटलेली असायची. पोटावर कान लावायची, मम्मीने "काय ऐकू येतंय?" म्हटलं की सांगायची, "गुरगुर येतीय, आवाज जरा फाटतोय, ट्रेबल कमी करा." तिला त्यातलं कळायचं. कल्याणचा उजवा हात होती ती. वायर जोडणं, मशीन लावणं, कीर्तनकार बुवांचा आवाज बसलेला असला तर तो वर काढणं, सगळं तिच्याकडे.

पण एक काटा होता, आणि तो रुतला शेजारच्या गिरणीत. गिरणी छबूबाईची, कल्याणच्या घराला भिंतीला भिंत लागून. गावातलं सगळं दळण आणि सगळी बातमी तिथूनच बाहेर पडायची. छबूबाईला मम्मीचं काही ठाऊक नव्हतं. ती आपली नेहमीचंच बोलली, पीठ डब्यात भरता भरता. "दोन पोरींवर भागतंय व्हय गं? कल्याणला एक दिवा पायजे. धंदा कोन संभाळनार त्याचा?" हे वाक्य निकिताने याआधी ढीगवेळा ऐकलं होतं आणि ओढ्याच्या पाण्यासारखं जाऊ दिलं होतं. यावेळी ते गेलं नाही. पिठाच्या डब्याबरोबर ते घरापर्यंत आलं. म्हणजे हे असं आहे होय. म्हणून का तिसरं.

विचारायचं कुणाला? आणि विचारलं आणि मम्मी 'हो' म्हणाली तर?

तरी ती हसत राहिली, हंडे भरत राहिली. पण एक दिवस रंगारी आला. टेम्पोच्या कपाळावर, काचेच्या वर, लाल अक्षरांत 'निकिता सृष्टी' असं लिहिलेलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. निकिता शाळेतून आली तर रंगारी पत्र्याने ती नावं खरवडतोय. पापुद्रे खाली पडलेले.

"हे काय करताय?" ती म्हणाली.

"कल्याणभाऊनी सांगितलंय. नवं नाव येनार हाय म्हनं."

निकिता तिथे उभी राहिली, मग घरात गेली आणि मम्मीच्या गोळ्या काढून दिल्या. बोलली काही नाही. त्या घरात कुणी काही न बोलणं हीच मोठी गोष्ट होती, पण कल्याण सप्ताहाच्या मंडपात गुंतला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता चोरचोळी. पाचव्या महिन्याच्या आधी, गावाच्या नजरेआड, दार लावून बाईला हिरवी चोळी द्यायची आणि ओटी भरायची, म्हणून ती चोरचोळी. निकिताच्या वेळी झाली नव्हती, सृष्टीच्या वेळीही राहून गेली होती. बायडाबाईने ठरवलं, यंदा करायची. पण ओटी भरणार कोण? ती स्वतः भरायला तयार नव्हती. कल्याणचे वडील जाऊन वर्षं झाली होती आणि जुनी माणसं असल्या गोष्टी मनातून काढत नाहीत. बाहेरची सवाष्ण बोलवावी तर बातमी आधी गिरणीत पोचणार.

"पोरी भरतील की," राजेश्वरी म्हणाली.

"पोरींनी आईची ओटी भरलेली मी तर कुठं बघितली न्हाई."

"मंग आता बघा."

हिरवा खण आणायला निकिता गेली. दुकानदाराने विचारलं कुणासाठी, तर गडबडीत बोलून गेली, मंडपासाठी. त्याने अख्खा तागा समोर टाकला. कसंबसं एका चोळीपुरतं कापड सोडवून ती घरी आली.

दुपारची वेळ. संध्याकाळपासून सप्ताह बसणार. घराच्या मागच्या अंगाला मारुतीचं देऊळ, तिथे मंडप, मंडपात मशीन. कल्याणने चार कर्णे बांधले होते, चारही गावाकडे तोंड करून: एक वेशीकडे, एक बाजाराकडे, एक स्टँडकडे आणि एक वरच्या आळीकडे. ऐन तपासायच्या वेळी लाईट गेली. कल्याण म्हणाला, असू दे, आली की आपोआप कळेल, आणि मशीनचं बटण चालूच ठेवून वेशीवरची वायर आवळायला गेला.

इकडे घराचं दार लागलं, कडी लागली. राजेश्वरी पाटावर बसली. समोर ताटात खण, नारळ, गहू, हळकुंड, खारका. बायडाबाई भिंतीला टेकून सूचना द्यायला सज्ज. सृष्टी मम्मीला अगदी चिकटून बसली, मांडीवर दुपटं, दुपट्यात बाळ.

"हे कशाला मध्ये?" आजी म्हणाली.

"त्याला बी बघू द्या की. जागं हाय ते." सृष्टीने बटण दाबलेलं होतं. लाल दिवा लागला होता.

निकिताने कुंकू लावलं. खण मम्मीच्या हातात दिला. नारळ दिला. आणि तिने ओंजळीत गहू घेतले त्याच वेळी डोक्यावरचा पंखा गरगरला. लाईट आली. पलीकडे छबूबाईने खटका दाबला आणि गिरणी धडधडायला लागली. त्या भिंतीजवळ गिरणी चालू असली की देव जरी प्रसन्न झाला तरी काय म्हणाला ते कळणार नाही.

"आता म्हन, सुखानं सुटका व्हवू दे," आजी ओरडली.

निकिताची ओंजळ तशीच राहिली. तोंडातून दुसरंच आलं. "मम्मी, एक इचारू?"

"काय?"

"एक इचारू का म्हनलं."

"मोठ्यानं बोल गं, गिरनी चालू हाय."

मग निकिता मोठ्यानं बोलली. बापाची लेक ती, आवाज कुठं कमी होता. "तुमाला पोरगा पायजे म्हनून चाललंय का हे? आमी दोघी पुरलो न्हाई का? टेम्पोवरची आमची नावं बी पुसून टाकली." आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गव्हात पडायला लागलं.

"कोनी घातलं हे तुझ्या डोक्यात?" आजी ताठ झाली.

"छबूकाकू म्हनत्यात, पप्पांना दिवा पायजे."

"दिवा?" बायडाबाईचा आवाज गिरणीच्या वर गेला. "तिच्या घरात दोन दिवे हायेत की. एक गिरनी इकायला निघालाय आनि दुसरा पुन्याहून फोन बी करत न्हाई. म्हातारी बिचारी चष्मा लावून अंधारात बसती."

"आनि दिवा लागलाच तर आपल्याकडं जनरेटर हाय," राजेश्वरी म्हणाली, पण हसली नाही. तिने निकिताची ओंजळ आपल्या दोन्ही हातांत धरली. "हिकडं बघ. हे ठरवून झालेलं न्हाई. झालं. आनि कळलं तवा मी पयल्यांदा कुनाला भ्याले माहितीय? तुला. निकिता काय म्हनंल, तोंड फिरवंल का. तुझा बाप केबिनात बोलंना तो लाजून न्हाई, तुझ्या भीतीनं. पोरगा म्हनून नको, पोरगी म्हनून नको, मला हे आलंय म्हनून पायजे. आनि पुरलो न्हाई म्हनतीस? अगं, तू झालीस तवा मला आई व्हायचं कुठं येत हुतं? तू रडायचीस आनि तुझ्यासंगं मी रडायचे. तुला शिकाऊ आई मिळाली. सगळं मी तुझ्यावर शिकले. ह्याला शिकलेली मिळंल, ती तू शिकवलेली हाय. तुझी जागा कोन घेनार हाय, येडे?"

निकिताला आता गव्हाचा एकही दाणा दिसेना.

आणि दारावर धाडधाड. आजीने कडी काढली तर कल्याण, अनवाणी, हातात पक्कड, धाप लागलेली. त्याने सृष्टीकडे बोट केलं. "बाळ... बाळ बंद करा."

कुणाला काही कळेना. पण निकिता साऊंडवाली होती. तिची नजर दुपट्याकडे गेली, लाल दिव्याकडे गेली, वर फिरणाऱ्या पंख्याकडे गेली, आणि तिने मनातल्या मनात कर्णे मोजले. वेस. बाजार. स्टँड. वरची आळी.

खरं तर कल्याण माईक बंद करायलाच पळत आला होता. पण समोर लेक रडतेय म्हटल्यावर तो कशाला आलाय हेच विसरला. तिच्यासमोर मटकन खाली बसला, सृष्टीच्या बाळाला गुडघा लावून. "नावं का खरवडली म्हनतीस? आगं, पयल्यांदा टेम्पोवर तू एकलीच हुतीस. नि-कि-ता, ह्या कानापासून त्या कानापातूर. सृष्टी झाली तवा तुझं खरवडून बारीक केलं, तिला जागा पायजे म्हनून. तू तीन-चार वर्सांची न्हवतीस व्हय... सहा. सहा वर्सांची हुतीस, तवा तर रंगाचा डबा तूच धरला हुता. आता दोघींचं खरवडलं. तिघांची सारख्या अक्षरात बसवायची. तुझं पयलं. तुझंच पयलं ऱ्हानार. आनि धंद्याचं म्हनशील तर मला तुझ्याबिगर मशीन तरी लावता येतंय का? बघ की, आज तू न्हवतीस तर काय करून बसलो."

निकिताला तो रंगाचा डबा आठवला. हाताला लाल लागलं होतं, चार दिवस निघालं नव्हतं. रडता रडता तिला हसू फुटलं, उचकीसकट.

"पप्पा," सृष्टी म्हणाली, "बाळ अजून जागंच हाय."

गिरणी थांबली. छबूबाईचं दळण संपलं असावं. सृष्टीने तेच पुन्हा सांगितलं, आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं: देवळापलीकडून, चारही दिशांनी, सृष्टीचाच आवाज, 'बाळ अजून जागंच हाय.' मग निकिताची उचकी, गावभर. त्यापलीकडे एका माणसाचा आवाज नाही. उभं गाव हातातलं काम टाकून कान देऊन उभं होतं.

राजेश्वरीने पदरात तोंड लपवलं. बायडाबाई, "दोन दिवे... इकायला निघालाय... अगं आई गं," असं पुटपुटत खालीच बसली. कल्याणचा हात बटणाकडे गेला, पण निकिताने तो अडवला. तिने माईक दुपट्यातून मान सांभाळून उचलला. सवयीने फुंकर मारून बघितली. चालू होता.

"हॅलो," ती म्हणाली. "मी निकिता बोलतीय. आताच जे तुमी ऐकलं ती चोरचोळी हुती. ती गुपचूप असती. तरी सगळ्या ग्रामस्थांना ईनंती हाय, पाचवा म्हैना लागूस्तवर कुनी कुनाला सांगू नये. ऐकलं असंल तरी ऐकलं न्हाई म्हना. धन्यवाद." आणि बटण दाबून बाळ झोपवलं.

 मग मंडपाकडून कुणीतरी म्हातारा खड्या आवाजात म्हणाला, "बरं गं बाई, न्हाई ऐकलं." आणि अख्खी आळी हसायला लागली. राजेश्वरी पदराआड हसता हसता रडत होती. निकिताने उरलेले गहू ओटीत घातले, सुखानं सुटका होऊ दे म्हणाली, आणि मग आजीची ओंजळ ओढून तिच्यात गहू ओतले. "तुमी बी भरा. गावानं कुठं काय ऐकलंय?" बायडाबाईने एकदा दाराकडे बघितलं आणि भरली ओटी.

आता गंमत ऐका. गावाने शब्द पाळला. किराणावाला राजेश्वरीला बघून हवापाण्यावर बोलायचा. बायका तिच्या हातातला हंडा काढून घ्यायच्या आणि 'उगंच' म्हणायच्या. कुणाच्या तरी घरून लोणचं यायचं, कुणाकडून खारका, कारण कुणीच सांगायचं नाही. कळलं नव्हतं ते फक्त एका माणसाला, खरोखर कळलं नव्हतं. ज्या वेळी चार कर्णे ओरडत होते त्या वेळी छबूबाई आपल्या गिरणीला कान लावून उभी होती, आणि गिरणी थांबल्यावरही तिचे कान घूं घूं करत राहिले. भिंतीला भिंत लागून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नंतर तिने, काय झालं गं, का हसत्यात लोक, म्हणून दारोदार विचारलं. पण गुपित पाळायचं ठरलेलं, तिला कोण सांगणार?

पाचवा लागला. टेम्पो दारात उभा होता, नवा रंग वाळलेला. छबूबाई पिठाचा हात पुसत बाहेर आली आणि काचेच्या वर बघत राहिली. लाल अक्षरांत 'निकिता', शेजारी 'सृष्टी', आणि त्यापुढे तेवढीच मोकळी जागा.

"हे असं अर्धवट का सोडलंय?" ती म्हणाली.

निकिता टपावर कर्णा बांधत होती. आता सांगायला हरकत नव्हती, तिने सांगितलं. छबूबाईच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. अख्ख्या मिरजगावात एकट्या तिलाच धक्का बसला बिचारीला. सावरल्यावर पहिला प्रश्न अर्थात तोच आला. "मंग ह्या जागंवर पोरगा का पोरगी?"

निकिताने दोरीची गाठ ओढून बघितली, पक्की होती.

"जागा सारखीच सोडलीय काकू," ती म्हणाली. "कोनी बी आलं तरी मावंल."